दसऱ्याला बघू

दारावरची बेल वाजवून उभ्या राहिलेल्या विक्रेत्याला नाशिकचा माणूस सहसा तोंडावर 'नाही' म्हणत नाही. उन्हातून आलाय बिचारा, म्हणून पाणी देतो, पंखा लावतो, सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "छान आहे हो. दसऱ्याला बघू." संक्रांतीला गेलात तरी दसरा, मे महिन्यात गेलात तरी दसरा. आमच्या धंद्यातले जुनेजाणते लोक या वाक्याचा अर्थ 'या आता' असा घेत आणि चहा संपवून पुढच्या दाराकडे वळत. मी मात्र त्या वाक्यावर विश्वास ठेवला. गोष्ट एवढीच आहे, पण मी ती सविस्तर सांगणार. नोकरीतली सगळी वर्षं मी दुसऱ्यांचं ऐकून घेण्याचा पगार घेतला. आता थोडं तुम्ही ऐका.

आमची कंपनी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायची. लोक त्याला सरसकट 'फिल्टर' म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते दुकानात मिळायचं नाही. सेल्समननं घरोघर जायचं, ओट्यावर काचेचे दोन ग्लास मांडायचे, एकात नळाचं पाणी, एकात यंत्राचं, आणि पुढचं बोलणं आपल्या जिभेवर. नव्वदीच्या मधल्या वर्षांत नाशकातल्या शालिमार चौकाजवळ एका शिवणयंत्राच्या दुकानाच्या वर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या होत्या. तीन सेल्समन, एक फिटर आणि फोनवर मी. एक मॅनेजरही होते, पण ते दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी पुण्याच्या मुख्य कचेरीनं कुणालाच पाठवलं नाही. तेव्हाच आम्हाला उमजायला हवं होतं.

धंद्याबाहेरच्यांसाठी 'लीड' म्हणजे काय ते सांगते. ज्या घरानं अजून काही घेतलेलं नाही, पण दार पूर्ण लावूनही घेतलेलं नाही, ते घर म्हणजे लीड. सेल्समन दिवसभरात तीस-चाळीस दारं वाजवतो. त्यातली चार-पाच किलकिली होतात. एखादं त्याच दिवशी उघडतं, बाकीच्यांकडे पुन्हा जावं लागतं. कुणाकडे, कधी आणि काय बोलायला जायचं हे लक्षात ठेवणं म्हणजे अर्धा धंदा. आणि सेल्समन हा प्राणी काही म्हणजे काही लक्षात ठेवत नाही. तो संध्याकाळी पाय ओढत येतो आणि डायरीत 'एनआय' लिहितो. एनआय म्हणजे नॉट इंटरेस्टेड. आमच्या निकमभाऊंच्या डायरीत अख्खं नाशिक एनआय होतं.

निकमभाऊ सटाण्याकडचे, आमचे सगळ्यात जुने सेल्समन. बोलायला गोड, पण लिहायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. मी कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "भाऊ, या घरात काय झालं?"

"नाही म्हणाले."

"नाही म्हणाले म्हणजे काय म्हणाले? शब्द सांगा."

"हाई काय शे, ताई? पोलीस ठाणं शे का?" ते वैतागले की अहिराणीवर येत.

मी स्टेशनरीच्या दुकानातून पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं आणली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी लावली. एका घराला एक कार्ड. नाव, पत्ता, फोन, दार कुणी उघडलं, घरात ठरवणारं माणूस कोण, आणि खाली भरपूर मोकळी जागा. तिथे लिहायचं, काय म्हणाले ते, जसंच्या तसं. 'गिऱ्हाईक उत्सुक नाही' असं लिहिलेलं कार्ड मी परत करायची. सुरुवातीला सगळे चिडले. मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. 'सुनेला हवंय, पण सासूबाईंसमोर बोलत नाही.' 'नवरा म्हणतो बायकोला विचारा, बायको म्हणते ह्यांना विचारा. दोघांना एकत्र गाठणे.' 'दार उघडलं नाही, पण कुत्रा चावत नाही असं आतून सांगितलं.' इंदिरानगरमधल्या एका कार्डावर होतं, 'आजी म्हणाल्या, आम्ही गंगेचं पाणी पितो, त्याला काय धाड भरलीय? दसऱ्याला बघू.' नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे फिल्टर विकणं म्हणजे गंगेवर संशय घेण्यासारखं होतं.

फोनची तर वेगळीच तऱ्हा. तेव्हा घरोघर फोन नव्हते. कार्डावर नंबरापुढे निम्म्या वेळा 'पीपी' असायचं, म्हणजे फोन शेजाऱ्यांकडे, आणि निरोप देऊन माणसाला बोलवायचं. माझ्या आधी फोनवर बसणारी मुलगी घाईघाईनं "जरा शेजारच्यांना बोलावता का?" म्हणायची आणि तिकडून रिसीव्हर आपटल्याचा आवाज यायचा. मी रीत बदलली. आधी फोनवाल्या बाईंची चौकशी, त्यांच्या मुलांच्या परीक्षा, त्यांच्याकडचं पाणी, मग शेजारी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एक आव्हाडबाई होत्या. त्यांच्या एका फोनवर माझी अकरा कार्डं होती. कोणाची पहिली पाळी, कोणाची तिसरी, कोण दुपारी झोपलेलं असतं आणि उठवलं तर वसकन अंगावर येतं, हे सगळं त्या मला सांगायच्या. "सुजाता, आज पाटलांकडं नको गं करू फोन. त्यांचं आज मिस्टरांशी वाजलंय," असंही सांगायच्या. मी ते कार्डावर लिहून ठेवायची. अशी बातमी कुठल्याही कंपनीला विकत मिळाली नसती.

लासलगावचे एक कांदा व्यापारी होते. दोन वर्षं मी त्यांना दर महिन्याला फोन करत होते आणि ते दर महिन्याला मला नाही म्हणत होते. कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या म्हणून मी दुसरं जोडलं. सुरुवातीला लिलावाच्या वेळी फोन केला तर ट्रॅक्टरच्या आवाजात ते माझ्यावर ओरडले होते. तेव्हापासून 'दुपारी तीननंतरच' असं लाल शाईत लिहिलेलं होतं. एकदा मी वैतागून विचारलं, "शेठ, घ्यायचं नाही तर फोन तरी कशाला करायला लावता?"

"करत जा ना बाई. दिवसभर लोक माझ्याशी भावाचंच बोलत्यात. तुम्ही जेवलात का म्हून विचारता. लय बरं वाटतं."

एक कार्ड मात्र मी आजही विसरलेली नाही. सातपूरच्या कारखान्यातले एक सुपरवायझर. स्वतः बोलघेवडे, पुढच्या महिन्यात नक्की म्हणाले होते. ठरल्या तारखेला मी फोन लावला आणि नेहमीच्या हसऱ्या आवाजात म्हटलं, "साहेब आहेत का? त्यांनी आज आठवण करायला सांगितलं होतं." पलीकडून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते गेले. आज त्यांचं चौदावं आहे." निकमभाऊंना हे ठाऊक होतं. त्यांनी त्या गल्लीत दुखवट्याचा मांडव पाहिला होता, ऑफिसात चहा पिताना सांगितलंही होतं. मी ऐकलं होतं, पण कार्ड काढून लिहिलं नव्हतं. रविवारी मी त्या घरी जाऊन माफी मागून आले. त्या माउलीनं उलट मलाच समजावलं, पण मला त्या दिवसाची लाज वाटते ती वाटतेच. त्यानंतर ऑफिसात नियम झाला की कानावर आलेलं आधी कार्डावर आणि मग चहा.

आता त्या दसऱ्याकडे येते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून दातारसाहेब आले. आमच्या भागाचे ते वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं आकड्यात दिसायचं. त्यांनी खुर्चीत बसून आमची तीन महिन्यांची विक्री वाचली आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तीस मशिनं गेली पाहिजेत. नाहीतर नाशिक बंद. इथलं काम पुण्याहून बघू." कोणीतरी विचारलं, मग आमचं काय? ते म्हणाले, "ज्यांना पुण्याला यायचंय त्यांनी अर्ज करावा." फोनवाल्या मुली पुण्यात ढिगानं होत्या, त्यामुळे मी अर्ज करून उपयोग नव्हता. वडील गेल्यावर आमचं घर माझ्या नोकरीवर चाललं होतं. साहेब जिना उतरून गेले आणि आम्ही पाचजण दिवस मोजायला बसलो.

निकमभाऊ म्हणाले, "गंमत करताय ना राव हे. उद्यापासून पितृपक्ष. पंधरा दिवस लोक सुईसुद्धा घेत नाहीत. मग नवरात्र, त्यात बायका उपासाला. उरले किती दिवस?" बाकीच्या दोघांनी मान डोलावली. पितृपक्षात आमच्या धंद्यात सेल्समन गावी जायचे, दात काढून घ्यायचे, घराला रंग द्यायचे. कोणी दार वाजवायचं नाही, असा दंडकच होता.

आम्ही बौद्ध. नाशिकरोडला आमच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत, त्यामुळे मला त्या पंधरवड्याची धास्ती नव्हती. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "लोकांचा पंधरवडा असंल बाई, तुझा फोन तर चालू हाय ना?" मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला आणि 'दसऱ्याला बघू' असं लिहिलेली सगळी कार्डं वेगळी काढली. टेबलावर भला मोठा गठ्ठा झाला. ते सगळे लोक आम्हाला टाळत होते असं सगळ्यांचं म्हणणं. मी म्हटलं, टाळत असतील, पण शब्द त्यांचाच आहे आणि तो माझ्याकडे तारखेसकट लिहिलेला आहे.

आता पितृपक्षात 'घेता का' असं विचारणं म्हणजे शिव्या खाणं. म्हणून मी घेता का असं विचारलंच नाही. मी फोन करून म्हणायची, "नमस्कार, तुम्ही मार्चमध्ये आमच्या निकमांना दसऱ्याला बघू म्हणाला होतात. दसऱ्याच्या दिवशी गर्दी होते, म्हणून आत्ताच विचारते. तुमच्याकडे सकाळी येऊ की संध्याकाळी?"

पलीकडचा माणूस चमकायचा. आपण सहा महिन्यांपूर्वी बोललेलं वाक्य कुणीतरी जपून ठेवलंय, याचं त्याला आधी हसू यायचं. मग तो आतल्या खोलीत ओरडून विचारायचा, "अगं, त्या फिल्टरवाल्या बाईंचा फोन आहे. सकाळी की संध्याकाळी?" आणि आतून उत्तर यायचं. नाही म्हणणारेही होते, पण त्यांना आता स्पष्ट नाही म्हणावं लागत होतं, आणि ते नाशिकच्या माणसाला जड जातं. लासलगावच्या शेठना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही काय मला सोडीत नाय. लिहा. पण बारा वाजता. सकाळी वजनकाट्याची पूजा असती."

पंधरवडा निम्मा सरला तेव्हा माझ्याकडे बावन्न घरं पक्की झाली होती. मी पुण्याला फोन करून बावन्न मशिनं मागितली. दातारसाहेब फोनवर म्हणाले, "अहो, कार्डं भरून मशिनं विकली जात नाहीत. खरी माणसं आहेत का ही?" मी म्हटलं, येऊन बघा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी केवढी मोठी चूक करून बसले आहे. निकमभाऊंनी कार्डं चाळली आणि डोक्याला हात लावला. "ताई, बावन्नपैकी चव्वेचाळीस जण सकाळी म्हणालेत." अर्थातच म्हणणार होते. दसऱ्याला घरात नवी वस्तू आली की ती सकाळी पुजायची, तिला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. दहाच्या आत वस्तू आली नाही तर काहीजण म्हणाले असते, मुहूर्त हुकला, आता राहू द्या. आमचा फिटर एकटा युसुफभाई. भिंतीत भोकं पाडून, नळाला जोडणी देऊन एक मशीन चालू करायला त्यांना तास-सव्वा तास लागायचा.

युसुफभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुमने तो कमाल कर दी. पर अल्लानं मला हात दोनच दिलेत."

सकाळी की संध्याकाळी हा प्रश्न मीच शोधला होता, आणि त्यावर मीच फार खूश होते. दुपार म्हणून काही असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात कधी मुहूर्त बघितलाच नाही, तर मला काय कळणार? मी ऑफिसातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर उलटं घातलं आणि मागचा बारीक मजकूर वाचायला बसले. आणि तिथे सापडलं. दसऱ्याचा विजय मुहूर्त सकाळचा नसतोच, तो असतो दुपारचा! मी निकमभाऊंना विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, "असतो म्हणतात बुवा. आपण कुठं बघतो? दसरा म्हणजे दिवसच मुहूर्ताचा." मी पंचवटीतल्या आमच्या एका गिऱ्हाईक गुरुजींनाही फोन करून खात्री केली. ते म्हणाले, "अगदी बरोबर. पण बहुतेकांना हे ठाऊक नसतं." मी त्यांचे आभार मानले आणि पुन्हा फोनला बसले.

"काकू, तुमची सकाळची वेळ आहेच. पण दुपारी विजय मुहूर्त आहे. तो हवा असेल तर थोड्याच घरांना देतेय. देऊ का?" बौद्धाची पोर गावाला दसऱ्याचा मुहूर्त वाटत होती, आणि गाव आनंदानं घेत होतं. तेवीस जण दुपारला तयार झाले. एकलहऱ्याची अकरा कार्डं मी आव्हाडबाईंच्या मदतीनं लावली. पहिल्या पाळीवाले तीनला घरी येतात, त्यांना साडेतीननंतर. दुसऱ्या पाळीवाल्यांना सकाळी. मग युसुफभाईंनी तोड काढली, की भोकं आणि पाइप आधी करून ठेवले तर दसऱ्याला नुसतं टांगायचं आणि जोडायचं, वीस मिनिटांचं काम. भोकाला मुहूर्त लागत नाही. पितृपक्षात भिंतीला हात लावू नका म्हणणारे कोण, ते कार्डांवरून आणि शेजारणींकडून कळत होतं. त्यांची भोकं नवरात्रात पाडली. मधल्या दिवसांत युसुफभाईंनी ऑफिसातल्या भिंतीवर आम्हा चौघांना मशीन टांगायला आणि जोडायला शिकवलं. सगळ्यात आधी मला जमलं, हे इथे नोंदवून ठेवते.

दसरा उजाडला. आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. पहाटे मी आईबरोबर विहारात वंदनेला गेले आणि पांढऱ्या साडीतच सातला ऑफिसात आले. खाली टेम्पो उभा होता. त्यात बावन्न खोकी आणि ड्रायव्हरशेजारी दातारसाहेब. बावन्न हा आकडा त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हता, म्हणून स्वतःच आले होते. मी पाच याद्या वाटल्या; गावातली खोकी टेम्पो त्या त्या भागात उतरवणार होता. निकमभाऊ तीन खोकी घेऊन लासलगावच्या बसला पळाले, युसुफभाईंनी एकलहऱ्याचं घेतलं. बाकीचे दोघे सिडको आणि पंचवटी. पाचवी यादी इंदिरानगरची होती आणि ती माझी होती. आमच्या कंपनीत तोवर एकही बाई मशीन घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात गेली नव्हती. त्या गडबडीत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. साहेबांच्या मात्र आलं.

"तुम्ही जाणार? आणि फोनवर कोण?"

"फोन आज वाजणार नाही, साहेब. सगळ्यांना वेळ दिलेली आहे. तुम्हाला माणसं खरी आहेत का बघायचं होतं ना? बसा मागे."

पुण्याचे दातारसाहेब, टायसकट, माझ्या मोपेडवर मागे बसले, मांडीवर खोकं घेऊन. प्रत्येक गतिरोधकाला ते 'अहो' म्हणत होते.

पहिली तीन घरं झरझर झाली. साहेब दारात उभे राहून नावं ताडून बघत होते. तिसऱ्या घरी त्यांना पेढा मिळाला आणि नारळ फोडायला लावला, तेव्हा त्यांचा ताठा थोडा उतरला. चौथं घर गंगेच्या पाण्याला काय धाड भरलीय म्हणणाऱ्या आजींचं.

आजी नऊवारीत, देवघरासमोर पाटावर. स्वयंपाकघर आणि देवघर एकाच खोलीत. सून दारात माझी वाटच बघत होती. मी मशीन घेऊन आत गेले तशी आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "दसऱ्याला पांढरी साडी गं कशी?"

"आज आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, आजी. आम्ही पांढरी नेसतो."

सुनेनं सासूकडे पाहिलं. दातारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पान्हा होता. मी तशीच उभी राहिले. मशीन न लावता परत जावं लागलं असतं तर त्या बावन्नातलं एक कमी झालं असतं, एवढंच नव्हतं ते.

आजी म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस? लाव की. मुहूर्त जाईल."

मी मशीन टांगलं, नळी जोडली, कॉक उघडला. पहिलं पाणी सांडून दिलं. सुनेनं चांदीचा पेला पुढे केला. "आधी देवाला," आजी म्हणाल्या. मी पेला धरला, भरला आणि त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तसाच देवापुढे ठेवला. मग दुसरा पेला भरायला लावला आणि स्वतः प्यायल्या. तोंडात पाणी घोळवून म्हणाल्या, "चव आमच्या गंगेचीच आहे हो!" सगळे हसले. मीही हसले, आणि डोळे पुसायला मशीनकडे वळले. माझ्या आजीला तिच्या गावात विहिरीपासून लांब उभं राहून कुणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघावी लागायची. तो पेला तिनं बघायला हवा होता, एवढंच मला वाटत राहिलं.

संध्याकाळी सगळे ऑफिसात जमलो. खिसे आपट्याच्या पानांनी फुगलेले, हात खरचटलेले. बावन्नपैकी पन्नास लागली होती. एका घरी भिंत खचली म्हणून राहिलं, एकानं ऐनवेळी नको म्हटलं. त्याच्या कार्डावर निकमभाऊंनी स्वतःहून, न सांगता, काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहून आणलं. लासलगावच्या शेठनी एक नाही, दोन घेतली, एक घराला, एक आडतीवर. त्यासाठी भाऊंनी नको म्हणणाऱ्याचं खोकं तिकडे वळवलं, म्हणजे हिशेब एक्कावन्न.

दातारसाहेबांनी पुण्याला मोठ्या साहेबांच्या घरी फोन लावला. "सर, नाशिक बंद नाही करायचं. नाही, खरी आहेत. मी स्वतः बघितली. नारळ फोडले मी. हो, मी." मग बराच वेळ ते ऐकत राहिले आणि एकदम रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "नाशिकला काय लागतं ते तुम्हीच सांगा म्हणाले."

निकमभाऊ आणि युसुफभाई खुर्च्या सोडून उभे राहिले. मी सांगितलं, आणखी एक फिटर पाहिजे, दुसरी फोनलाइन पाहिजे, मशिनं मागू तितकी पाहिजेत. तिकडून प्रत्येकाला "बरं" आलं. मग मी म्हटलं, "आणि मला फील्ड पाहिजे, दारोदार जाऊन विकायचं काम."

तिकडून आलं, "बाई, फील्ड अवघड असतं हो. उन्हातान्हाचं. कधीपासून जमेल तुम्हाला?"

"आज सकाळपासून जमतंय, साहेब. नऊ घरं झाली. तुम्ही फक्त पत्र पाठवा."

पत्र चौथ्या दिवशी आलं. माझ्या नावापुढे हुद्दा छापला होता 'सेल्समन', कारण कंपनीकडे तोवर दुसरा शब्दच नव्हता. दातारसाहेबांनी लगेच फोन करून दुरुस्त पत्र पाठवतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, राहू द्या, आणि निवृत्त होईपर्यंत तो कधी बदलू दिला नाही.